सोनीच्या पुढच्या पायाचे फोटो

"गाढवाचा एक्स-रे काढायचा आहे," असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा श्रीपती अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पेशंट कसाबी असू दे, असं बोलू नये कुणाला."

ते खरंखुरं गाढव आहे, चार पायांचं, हे पटवून द्यायला मला बराच वेळ लागला.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखाना म्हटलं की म्हशी. सकाळी फाटक उघडायच्या आधी म्हशी उभ्या असायच्या आणि त्यांचे मालक त्यांच्यापेक्षा जास्त हंबरायचे. अडलेली म्हैस, आटलेली म्हैस, पोट फुगलेली म्हैस. अधूनमधून बैल, शेळ्या, कुणाचा तरी लाडका कुत्रा. गाढव क्वचितच यायचं. कारण सरळ होतं. गाढव आजारी आहे हे गाढव सांगत नाही. घोड्याला जरा दुखलं की तो सगळं आवार डोक्यावर घेतो. गाढव मान खाली घालून उभं राहतं, आणि मालकाला वाटतं, नेहमीसारखंच तर उभं आहे.

माझं माहेर हुपरीचं. वडील चांदीची पैंजणं करायचे. घरात मुलगी गुरांची डॉक्टर झाली याचं कौतुकही होतं आणि धास्तीही. अव्वा, म्हणजे माझी आई, मला म्हणाली होती, "म्हशींचं करतीस ते ठीक हाय. गाढवांचं कुणाला सांगू नगंस, धाकटीची सोयरीक व्हायची हाय अजून." धाकटीचं लग्न व्यवस्थित झालं. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

तर सोनी. सोनी ही रत्नाक्काची गाढवीण. रत्नाक्का पंचगंगेच्या काठच्या एका वीटभट्टीवर गाढवांनी विटा वाहायची. नवरा गेल्यापासून गाढवांचा कळप तिनं एकटीनं सांभाळला होता. उंच, काळीसावळी, आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं वळून बघावं. तिच्या कळपात सोनी पुढे चालायची आणि बाकीची मागे. सोनी थांबली की सगळी थांबायची. काठी, शिव्या, गूळ, कशाचाच उपयोग व्हायचा नाही. त्यामुळे सोनी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली, तेव्हा फक्त एक गाढव लंगडत नव्हतं, रत्नाक्काचं सगळं कामच लंगडत होतं.

ती सोनीला दवाखान्यात घेऊन आली तेव्हा बरोबर दुसरी एक गाढवीण होती, चिमा.

"हिला काय झालंय?" मी विचारलं.

"हिला कुठं काय? ती सोबतीला आलीया. एकलीला आणली तर सोनी दारातनं आत यायची न्हाय."

मी सोनीचा पाय तपासला. कुठे सूज नाही, खुराला गरमी नाही, जखम नाही, पू नाही. सांधे एकेक करून दाबले, वाकवले. सोनी भिंतीकडे बघत उभी. पळवून बघावं म्हटलं, तर ती जागची हलेना. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पळणारं गाढव मी नोकरीत कधी पाहिलं नाही. दाव्याला धरून चार पावलं चालवली, तेव्हा डावा पाय टेकताना ती डोकं जरासं वर उचलत होती. पुढचा पाय दुखणारं जनावर असंच करतं. दुखऱ्या पायावर कमी वजन पडावं म्हणून डोक्याचा भार वर घेतं. म्हणजे दुखत होतं नक्की. कुठे, ते कळत नव्हतं.

"फोटो काढावा लागेल," मी म्हटलं.

"काढा की," रत्नाक्का म्हणाली. "पर मग चिमाचाबी काढा, ती रुसंल."

आमच्या दवाखान्यात तेव्हा एक्स-रेचं यंत्र नव्हतं. शाहूपुरीत श्रीपती अण्णांचं माणसांच्या एक्स-रेचं केंद्र होतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना जिना उतरवता येत नाही, म्हणून त्यांनी चाकांवरचं एक लहान यंत्र घेतलं होतं. ते टेम्पोत घालून ते घरोघर जायचे. त्या यंत्रात म्हशीच्या पोटापलीकडे बघण्याची ताकद नव्हती. पण गाढवाचा पाय कोपराखाली माणसाच्या घोट्यापेक्षा फारसा जाड नसतो, तिथपर्यंत ते छान चालायचं.

गाढवाचा पुढचा पाय कसा असतो, हे समजायला पुस्तक लागत नाही. तुमचा हात टेबलावर उभा टेकवा, फक्त मधल्या बोटाच्या नखावर. बाकीची बोटं नाहीत असं समजा. ते नख म्हणजे खूर. आता बोटाचे सांधे, मग तळहात, तो ताणून लांब केलेला. त्याच्या वर मनगट. कोपर आणखी वर, छातीला चिकटलेलं. आपण ज्याला गाढवाचा पुढचा गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट असतं. आणि आपल्या खांद्याला पुढून धरून ठेवणारं गळ्याखालचं आडवं हाड गाढवाला नसतंच. पुढचे दोन पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात, झोळीसारखे. त्या झोळीत सगळं धड, आणि वर विटांचं ओझं.

भट्टीवर यंत्र मांडताना हे मी तिथल्या माणसांना सांगितलं. सगळे काम सोडून जमलेच होते. एकजण आपलं मनगट पिरगाळून बघत म्हणाला, "म्हंजी गाढाव जनमभर बोटाच्या नखावर चालतंय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

"आन आमी त्याला गाढाव म्हणतोय," तो म्हणाला आणि गंभीर झाला.

खुराचा फोटो घ्यायचा तर पाय जमिनीपासून थोडा उंचावर लागतो. जमिनीवर ठेवला तर यंत्राचा डोळा तिथपर्यंत खाली येत नाही. लाकडी ठोकळा हवा होता. रत्नाक्का घरातून जेवायला बसायचा पाट घेऊन आली. सोनीनं पाटाचा वास घेतला आणि पाय ठेवायला नकार दिला. चिमाला शेजारी आणून उभी केली, तेव्हा कुठे तिनं आपला खूर पाटावर टेकवला, पंगतीला बसावं तसा.

मी खुराच्या पुढच्या बाजूला एक बारीक तार चिकटवली. केस संपून खूर जिथे सुरू होतो, तिथे तारेचं वरचं टोक. हाड खुरात कुठल्या उंचीवर आहे, हे फोटोत या तारेवरून कळतं. मग मी शिशाचा जड एप्रन चढवला. रत्नाक्कानं तो उचलून बघितला. "एवढं जड पोलकं," ती म्हणाली, "हे घालून विटा वाहून दावा."

सगळ्यांना मागे सरकवलं. श्रीपती अण्णांनी बटणावर बोट ठेवलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "हलायचं न्हाय. श्वास रोखून धरा."

सोनीनं काय केलं माहीत नाही. पण सगळी भट्टी श्वास रोखून उभी राहिली. मुकादमसुद्धा. फोटो निघाल्यावर अण्णा "सोडा" म्हणायचे विसरले, आणि लोक एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले.

दोन्ही पुढच्या पायांचे फोटो काढले. अण्णांनी काळोख्या खोलीत फिल्मा धुऊन, टांगून वाळवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दिव्याच्या पेटीवर त्या लावल्या आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितल्या.

खुरातलं हाड कवचाला आतून चिकटलेलं असतं. मधे असंख्य पातळ पापुद्रे असतात, ते हाडाला धरून ठेवतात. काही आजारांत ते पापुद्रे सुजतात, पकड सुटते आणि जनावराच्या वजनानं हाड खुरात खाली बसतं. सोनीच्या फोटोत तारेचं टोक वर होतं आणि हाडाचं वरचं टोक त्याच्या बऱ्याच खाली. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात घोड्याचं चित्र होतं, त्यात दोन्ही जवळपास एका रेषेत. गाढवाचं चित्र पुस्तकात नव्हतं. गाढव म्हणजे लांब कानांचा छोटा घोडा, असंच आम्हाला शिकवलं होतं.

कसबा बावड्यात एक निवृत्त कर्नलसाहेब राहायचे. लष्करात घोड्यांचे डॉक्टर होते. लंगड्या घोड्याची टाप जमिनीला लागायच्या आत ते सांगायचे, कुठे दुखतंय. मोठा सज्जन माणूस. मी फिल्मा घेऊन गेले. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिल्या.

"हाड फिरलेलं नाही," ते म्हणाले. "पण खाली बसलंय. दोन्ही पायांत. घोडा असता तर मी मालकाला सांगितलं असतं, याला आता त्रासातून मोकळं करा."

"पण सर, खुराला गरमी नाही. उजव्या पायानं ती लंगडतही नाही."

"गाढव दाखवत नाही, हे तुम्हीच म्हणालात ना?"

त्यांचं चूक नव्हतं. मी तसंच म्हटलं होतं.

परतताना मी भट्टीवर गेले. रत्नाक्का भाकरी खात बसली होती, आणि सोनी तिच्या खांद्यावरून मान पुढे काढून भाकरीवर डोळा ठेवून होती. मी कर्नलसाहेबांचं मत सांगितलं. मोकळं करणं म्हणजे काय, ते तिला फोडून सांगावं लागलं नाही. तिनं अर्धी भाकरी सोनीला दिली.

"तुमास्नी काय वाटतंय?" तिनं विचारलं.

"मला अजून वाटायचंय," मी म्हटलं. "मला दोन दिवस द्या."

"घ्या की. तवर हिला न्हाय कामाला लावत."

मला खटकत होतं ते असं. ज्या जनावराची दोन्ही हाडं खुरात बसलीत, ते असं भाकरीसाठी मान ताणून पुढच्या पायांवर वजन टाकणार नाही. ते मागे रेलून उभं राहतं. दुखणं दाखवो न दाखवो, उभं राहणं बदलतं. मग वाटलं, खाली बसलंय हे आपण कशावरून म्हणतो? घोड्यावरून. धडधाकट गाढवाचं हाड कुठे असतं, हे आपल्यापैकी कुणी बघितलंय?

मी अण्णांना फोन केला. "धडधाकट गाढवांचे फोटो काढायचे आहेत."

"दुखत न्हाय त्यांचे?"

"त्यांचेच."

अण्णा म्हणाले, "बाई, माझ्याकडं माणसं येतात ती निदान दुखतंय म्हणून येतात." पण आले. टेम्पो घेऊन आले.

पहिला फोटो चिमाचा काढला. त्यामुळे ती रुसायचाही प्रश्न मिटला. मग भट्टीवरच्या दुसऱ्या एकाची गाढवं. तिथून बातमी घाटावर गेली आणि परटाचा बापू आपलं गाढव घेऊन हजर झाला. "सगळ्यांचं निघतंय, माझंच म्हागं का ऱ्हावं?" त्याला फोटोत गाढवाचा चेहरा येणार नाही हे कळल्यावर तो जरा हिरमुसला. बावड्यातल्या कुंभारांचंही एक आलं. प्रत्येकाचा खूर पाटावर, प्रत्येकाला तार, आणि प्रत्येक वेळी अण्णांचं "श्वास रोखून धरा". आता भट्टीवरची माणसं हे वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायला लागली होती.

संध्याकाळी फिल्मा पेटीवर लावल्या. चिमाचं हाड खाली. परटाच्या गाढवाचं खाली. कुंभाराचंही खाली. एकूणएक सगळी हाडं तारेच्या टोकाच्या खाली, सोनीइतकीच. एक तर कोल्हापुरातली सगळी गाढवं मरायला टेकली होती, नाहीतर आमचं पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. "म्हणजे नॉर्मल?"

"नॉर्मल, अण्णा. गाढवाचं हाड असतंच तिथं."

मी त्या पेटीसमोर एकटीच हसत सुटले. बाहेर बाकावर गुडघ्याच्या एक्स-रेसाठी बसलेल्या आजोबांनी अण्णांना विचारलं, "काय निघालं हो? चांगलं का वाईट?"

सगळ्या फिल्मा घेऊन मी थेट बावड्याला गेले. कर्नलसाहेबांनी त्या एकामागून एक खिडकीत धरल्या. शेवटची खाली ठेवली, चष्मा काढला. "बरं झालं," ते म्हणाले, "तुम्ही मला विचारून तिथंच थांबला नाहीत." मग म्हणाले, "चला, मला त्या गाढवाकडे घेऊन चला. लंगडतंय तर आहे ना?"

तोच तर प्रश्न होता. हाड ठीक, पण लंगडणं तसंच.

या वेळी आम्ही युक्ती केली. सोनीला पळवायचं नाही, चिमाला पळवायचं. मी सोनीचा डावा पाय उचलून पुढचा गुडघा, म्हणजे मनगट, पूर्ण दुमडला आणि तसाच धरून ठेवला. दुमडून धरलेला सांधाच दुखरा असेल, तर सोडल्यावर पहिली पावलं जास्त लंगडी पडतात. कर्नलसाहेब उन्हात कमरेवर हात ठेवून उभे. मग पाय सोडला आणि रत्नाक्कानं चिमाला हाकललं. चिमा दुडक्या चालीनं निघाली आणि तिच्यामागे सोनीही. पहिल्या काही पावलांना सोनीचं डोकं असं वर उडालं की मागे उभ्या असलेल्या विटा लादणाऱ्यांनाही दिसलं.

"मनगट," कर्नलसाहेब म्हणाले.

"मनगट," मी म्हटलं.

गाढवाच्या मनगटात लहान हाडांच्या दोन ओळी असतात, एकीवर एक बसवलेल्या. माझे वडील पैंजणाच्या कड्या ओवताना म्हणायचे, कडी हलली पाहिजे आणि उकलता कामा नये. मनगटाचं नेमकं तेच आहे. या ओळी वळतात, घसरतात, पण एकमेकींना सोडत नाहीत. सरळ उभ्या पायाच्या फोटोत हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात आणि लहानसा दोष त्यात लपतो. पाय दुमडला की पुढून फट उघडते. म्हणून पाय दुमडून फोटो घ्यायचा होता. एप्रन आणि हातमोजे घालून मी पाय धरला, अण्णांनी फिल्मची प्लेट बाजूला लावली, रत्नाक्का लांबून दावं धरून उभी.

त्या फोटोत ते सापडलं. वरच्या ओळीतल्या एका हाडाच्या पुढच्या कडेचा टवका उडाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. ओझ्यासकट उतारावर कुठेतरी ठेच लागून गुडघा जमिनीवर आपटला असणार. प्रत्येक पावलाला तो दाणा सांध्यात टोचत होता.

रत्नाक्काला फिल्म दाखवली. तिनं ती आकाशाकडे धरली. "एवढ्याशानं?" ती म्हणाली. "एवढ्याशापायी माजी सोनी मारायला निगालता व्हय तुमी?"

कर्नलसाहेबांनी हात जोडले. "मी निघालो होतो. बाईंनी अडवलं."

"ऱ्हाऊ दे, पावणं," रत्नाक्का म्हणाली. "च्या घ्या."

तो दाणा काढायची शस्त्रक्रिया तेव्हा कोल्हापुरात शक्य नव्हती. पण पूर्ण विश्रांती मिळाली तर असे टवके पुष्कळदा कडेला निमूट बसून राहतात. मी पट्टी बांधून दिली, औषध दिलं आणि सांगितलं, काही महिने ओझं नाही.

"इस्रांती? गाढवाला?" रत्नाक्का म्हणाली. "मला न्हाय मिळाली अजून." पण दिली. आधी गोठ्यात, मग हळूहळू चालायला. बाकीची गाढवं सोनीशिवाय ओळीनं जायला तयार नव्हती, तेव्हा रत्नाक्का तिला रिकामीच पुढे चालवायची. मुकादम एकदा कुरकुरला की रिकामं गाढव कशाला हिंडतंय. रत्नाक्का म्हणाली, "तुमीबी रिकामंच हिंडताय की, मुकादम. मी काय बोलले?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. पावसाळ्यासाठी भट्टी बंद झाली, त्या सुमारास सोनीचं लंगडणं गेलं.

पुढे दवाखान्याला स्वतःचं यंत्र मिळालं. दोन हजार सालानंतर भट्ट्यांवर ट्रॅक्टर वाढले आणि गाढवं कमी होत गेली. नंतरच्या काळात तर फोटो पडद्यावर लगेच दिसायला लागले, काळोखी खोली गेली. गाढवाचं हाड खुरात खालीच असतं, हे बाहेरच्या देशांतल्या लोकांनी रीतसर मोजून लिहिलेलं मी पुढे वाचलं. आमच्याकडेही फिल्मा होत्या. कर्नलसाहेब सारखे म्हणायचे, "लिहून काढा, लिहून काढा." मी म्हशींमधून वेळ काढला नाही. एखाद्या शिकणाऱ्या मुलीनं किंवा मुलानं ते वाचलं असतं, तर एखादं गाढव कुठेतरी वाचलं असतं. ही चुटपुट आहे, ती आहे.

पण त्या वर्षानंतरची एक सकाळ सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही.

उजाडायच्या सुमारास भट्टीवरचा एक माणूस सायकलवरून आला. "रत्नाक्कानं बोलिवलंय. सोनी व्यायला लागलीया." विश्रांतीच्या त्या महिन्यांत सोनीचं दुसरंच काही चालू होतं, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं होतं. रत्नाक्का म्हणाली होती, "इस्रांती म्हनलं, तर हिनं भलतीच इस्रांती घेतली."

मी सगळं सामान घेऊन पोचले, तोवर शिंगरू बाहेर पडलं होतं. ओलं, करडं, कान पाठीला चिकटलेले. पाय इतके लांब की ते त्याचे स्वतःचे वाटत नव्हते. सोनी त्याला चाटत होती. चिमा कुंपणाला तोंड लावून उभी.

शिंगरानं पुढचे पाय पुढे टाकले. खांदा ढकलला, कोपर उघडलं. मनगटं थरथरली आणि दुमडली, आणि ते नाकावर पडलं. रत्नाक्काचा हात पुढे गेला, पण तिनं तो लावला नाही. तसाच पोटाखाली वीतभर अंतरावर धरून राहिली. पुन्हा खांदा, पुन्हा कोपर. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा मनगटं सरळ झाली, आत कुठेतरी कडी बसावी तशी, आणि शिंगरू उभं राहिलं. चारी बाजूंना झुलत, पण उभं.

"आता काय करायचं, बाई?" रत्नाक्कानं हळू आवाजात विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

मी बॅग उघडलीच नाही. दवाखान्याबाहेर म्हशी येऊन थांबल्या असतील, हे मला माहीत होतं. शिंगरानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि आईच्या पोटाशी जाऊन चुकीच्या टोकाला दूध शोधायला लागलं. रत्नाक्का खाली बसली. मीही तिच्या शेजारी विटांच्या ढिगावर बसले.